सूर्य आपल्याला नेमकं काय देतो?

आकाशवेडी

हा प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: प्रकाश आणि उष्णता. जरा खोदून विचारलं की "ऊर्जा". मी नेमकी या "ऊर्जा" शब्दापाशी येऊन थांबले, आणि विचार करता करता इतकं काही हाती लागलं की धागा काढावासा वाटला.

अडचण अशी आहे. वातावरणाच्या माथ्यावर, सूर्याकडे तोंड करून ठेवलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १३६१ वॉट इतका सूर्यप्रकाश पडतो. त्यातला ३० टक्के ढग, बर्फ, वाळवंटं तसाच परतवून लावतात. उरलेला ७० टक्के जमीन, समुद्र आणि हवा शोषून घेतात. पण शोषलेली ऊर्जा पृथ्वीपाशी राहत नाही. अवरक्त किरणांच्या रूपात ती दिवसरात्र अवकाशात निघून जात असते आणि जमाखर्च जवळजवळ जुळतो. जुळला नसता तर पृथ्वी तापतच गेली असती. (सध्या हरितगृह वायूंमुळे दर चौरस मीटरमागे एका वॉटच्या आसपास शिल्लक राहते आहे, आणि तेवढ्यानेही काय चाललंय ते आपण सगळे बघतोय.)

मग आलेली ऊर्जा सगळीच परत जात असेल, तर सूर्याने आपल्याला दिलं काय?

मला पटलेलं उत्तर: सूर्य देतो तो ऊर्जेचा दर्जा. येणारा प्रकाश साडेपाच हजार अंश सेल्सिअस तापमानाच्या पृष्ठभागावरून निघालेला असतो. त्याचा एकेक फोटॉन (प्रकाशाचा कण) दमदार असतो, रेणूतला इलेक्ट्रॉन उचलून वरच्या पातळीवर नेऊन ठेवण्याइतका. परत जाणारे फोटॉन अवरक्त, अशक्त. आलेल्या एका फोटॉनमागे साधारण वीस परत जातात. एकूण ऊर्जा तेवढीच, पण विस्कटलेली. एकाचे वीस होण्याच्या या मधल्या वाटेवरच वारा वाहतो, पाऊस पडतो, पान वाढतं, आपण विचार करतो. भौतिकीच्या भाषेत, आपण कमी एन्ट्रॉपीची, म्हणजे कमी विस्कटलेली, ऊर्जा घेतो आणि जास्त एन्ट्रॉपीची बाहेर टाकतो. सजीव तगून राहतात ते सभोवतालची सुव्यवस्था आत घेऊन, असं एर्विन श्रोडिंगर यांनी १९४३ साली डब्लिनमधल्या व्याख्यानांत मांडलं होतं.

आणि यात अंधाराचा वाटा प्रकाशाइतकाच आहे, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. सूर्याची चकती संपूर्ण आकाशगोलाच्या सुमारे १ लाख ८५ हजाराव्या भागाएवढी आहे. बाकीचं आकाश उणे २७० अंशांचं. एवढ्याशा जागेतून कडक प्रकाश येतो आणि उरलेल्या सगळ्या थंड आकाशात आपण आपली विस्कटलेली ऊर्जा सोडू शकतो. समजा सूर्य नाही, पण सगळं आकाश सारख्याच तापमानाचं आहे आणि त्यातून आपल्याला एकूण ऊर्जा आजच्याएवढीच मिळते आहे. पृथ्वी गोठून शून्यवत झाली नसती. पण गवताचं एक पातंही उगवलं नसतं, कारण ऊर्जेला कुठून कुठे जायचं ही दिशाच उरली नसती.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. सूर्य म्हटलं की धगधगतं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. पण त्याची एकूण तेजस्विता त्याच्या वस्तुमानाने भागली तर एका किलोमागे ०.०००२ वॉट येतात. आपलं शरीर स्वस्थ बसलेलं असतानाही किलोमागे एक वॉटहून जास्त उष्णता तयार करतं. म्हणजे वजनास वजन लावलं तर आपण सूर्यापेक्षा हजारो पट जास्त उष्णता तयार करतो! सूर्य प्रखर आहे तो त्याच्या अवाढव्य आकारामुळे. आतून तो कमालीचा संथ आहे, म्हणूनच ४६० कोटी वर्षं उलटूनही तो अजून मध्यमवयात आहे. आदिम पेशींपासून प्राण्यांपर्यंत यायला जीवसृष्टीला जवळजवळ तीनशे कोटी वर्षं लागली. तेवढा वेळ न भडकता, न विझता जळत राहणारा तारा हवा होता.

दर्जा आणि वेळ. माझ्या मते खरं देणं हे आहे. तुम्हाला काय वाटतं? शंका, भर, मतभेद सगळं येऊ द्या.

शंकेखोर

धागा आवडला. पण

>>आलेली ऊर्जा सगळीच परत जात असेल<<

हे पचलं नाही. झाडाच्या खोडात ऊर्जा साठते, कोळशात साठते, तेलात साठते. ती परत कुठे गेली?

निवृत्त मास्तर

शंकेखोर, प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर प्रमाणात आहे.

पृथ्वी जेवढा सूर्यप्रकाश शोषते त्याचा साधारण हजारावा भाग प्रकाशसंश्लेषणात बांधला जातो. बाकीचा जमीन तापवण्यात, पाण्याची वाफ करण्यात, वारे आणि सागरी प्रवाह हलवण्यात जातो. आता तो हजारावा भागही टिकत नाही. पान गळतं, कुजतं, कुणीतरी खातं, श्वसन होतं, आणि उष्णता होऊन ती ऊर्जा बाहेर पडते. एखादा अगदी बारीक हिस्सा चिखलात, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही अशा जागी गाडला जातो. त्याचे कोळसा आणि तेल झाले. कोळशाचे अनेक मोठे साठे तीस कोटी वर्षांहून जुन्या दलदलींतले आहेत. आपण तो जाळतो तेव्हा त्या काळचा राहिलेला हिशेब आत्ता पुरा होतो, एवढंच.

जे सूर्याचं नाही तेही सांगून ठेवतो, कारण "सगळी ऊर्जा सूर्याचीच" असं सरसकट म्हणायची सवय लागते. भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राची. अणुऊर्जेतलं युरेनियम सूर्य जन्मण्याआधीच्या ताऱ्यांच्या उलथापालथीत तयार झालेलं. आणि भूगर्भातली उष्णता पृथ्वीची स्वतःची. पण ती पृष्ठभागावर सरासरी चौरस मीटरला ०.०९ वॉटच पोहोचते. शोषलेला सूर्यप्रकाश, दिवस-रात्र आणि सगळे अक्षांश धरून, सरासरी २४० वॉट. तुलना करा.

पानगळ

अप्रतिम धागा, आकाशवेडीताई! दर्जाचा मुद्दा वाचून राहवलं नाही, कारण तो दर्जा वापरला कसा जातो ते माझ्या आवडीचं क्षेत्र आहे.

काचेच्या बरणीत हायड्रिला या पाणवनस्पतीची फांदी पाण्यात बुडवून उन्हात ठेवा. थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून बारीक बुडबुडे सुटायला लागतात, एकामागून एक, माळेसारखे. बरणीवर सावली धरा, माळ मंदावते. काळं कापड टाका, थांबते. कापड काढा, पुन्हा सुरू. शाळेत सगळ्यांनी पाहिलेला प्रयोग आहे, पण त्या बुडबुड्यात काय घडलंय हे समजून पाहिला तर वेगळाच दिसतो.

तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नाही, पाण्यातला आहे. १९४१ मध्ये ऑक्सिजनचं जड समस्थानिक (जास्त वजनाचे ऑक्सिजन अणू) वापरून हे दाखवलं गेलं. पाण्याचा रेणू फोडणं सोपं नाही, तो फार स्थिर असतो. पानात हे काम चार मँगनीज आणि एक कॅल्शियम अणू असलेला एक चिमुकला पुंजका करतो. प्रत्येक फोटॉनसरशी एक इलेक्ट्रॉन काढून घेतला जातो. असे चार इलेक्ट्रॉन गेले की पाण्याचे दोन रेणू फुटून ऑक्सिजनचा एक रेणू बाहेर पडतो. त्या इलेक्ट्रॉनांना पुढच्या टप्प्यावर पुन्हा एकदा प्रकाशाचा धक्का लागतो, म्हणून ऑक्सिजनच्या एका रेणूमागे किमान आठ फोटॉन खर्ची पडतात. अवरक्त फोटॉन कितीही ओता, हे काम होत नाही. ताई म्हणतात तो दर्जा तो हाच.

निसर्गाने हे यंत्र एकदाच घडवलं असावं, निळ्या-हिरव्या जीवाणूंमध्ये. आज प्रत्येक हिरव्या पानात त्यांचेच वंशज हरितलवक होऊन बसलेत. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी त्यांचा ऑक्सिजन हवेत साचायला लागला. त्याआधी तो समुद्रातल्या विरघळलेल्या लोहाला गंजवण्यात संपत होता, आणि त्या लोहाचे तांबडे-करडे पट्टे असलेले खडक आजही लोहखनिज म्हणून खणले जातात. हवेत ऑक्सिजन आला, त्यावर सूर्याच्याच अतिनील किरणांची क्रिया होऊन वर ओझोन तयार झाला, आणि त्याने अतिनील किरण अडवले. जमिनीवर उघड्यावर राहणं त्यानंतर सोपं झालं. म्हणजे सूर्यापासून बचावाची ढालसुद्धा सूर्यप्रकाशातूनच घडली.

खोलदर्या

वाचतोय. पण "सूर्याविना जीवन नाही" हा सूर मला तितकासा मान्य नाही. १९७७ साली गॅलापागोसजवळ ॲल्विन या पाणबुडीतून शास्त्रज्ञ अडीच किलोमीटर खाली गेले, तर तिथे काळोखात गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती शिंपले, खेकडे, माणसाहून लांब नळकृमी अशी वस्तीच भरलेली! नळकृमींना तोंड नाही, आतडं नाही. त्यांच्या शरीरात राहणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा काढतात आणि यजमानालाही जगवतात. सूर्याचा एक किरण तिथे पोहोचत नाही. तरी सगळं बहरलेलं.

पानगळ

खोलदर्या, सुंदर उदाहरण दिलंत. पण ते जीवाणू हायड्रोजन सल्फाइडचं ज्वलन करतात ते कशाने? समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनने. तो ऑक्सिजन वर, उन्हात तयार झालेला. नळकृमीच्या त्या लालभडक तुऱ्यात हिमोग्लोबिन असतं आणि ते सल्फाइडबरोबर ऑक्सिजनही वाहून नेतं. म्हणजे प्रकाश तिथे पोहोचत नाही, पण प्रकाशाने केलेलं काम पोहोचतं.

खरोखर सूर्याला न जुमानणारे जीव आहेत, पण ते अजून साधे, अजून संथ. दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल, खडकाच्या भेगेतल्या पाण्यात एक जीवाणू सापडला: डेसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर. खडकातल्या युरेनियमच्या किरणोत्सर्गाने पाणी फुटतं, हायड्रोजन सुटतो, आणि त्यावर हा जगतो. २००८ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या पाण्यात जवळजवळ हा एकटाच राहत असल्याचं दिसलं. एका जातीची परिसंस्था!

खोलदर्या

ऑक्सिजनचा मुद्दा बिनतोड आहे. मग त्याच्या बदल्यात माझ्याकडून एक. पूर्व पॅसिफिकच्या तळाशी, सुमारे २४०० मीटर खोल, एका गरम झऱ्यापाशी हिरवे गंधक-जीवाणू सापडले, २००५ साली ते जाहीर झालं. हे प्रकाशसंश्लेषण करणारे जीव आहेत आणि तिथे सूर्य नाही. तापलेल्या पाण्याची जी अतिमंद झळाळी असते, आपल्या डोळ्यांना न दिसणारी, तेवढ्यावर त्यांचं चालतं. हरितद्रव्याच्या एकेका रेणूला पुढच्या फोटॉनसाठी ताटकळत बसावं लागतं, पण जगतात.

आकाशवेडीताईंच्या मुद्द्याला हे पोषकच आहे असं म्हणेन. गरम जागा आणि थंड परिसर असला की पुरे, तो तारा असायलाच हवा असं नाही. फक्त तारा असला की सगळं मोठ्या प्रमाणावर होतं.

आकाशवेडी

काय सुरेख चर्चा! खोलदर्या, शेवटचा परिच्छेद माझ्या मूळ लेखात असायला हवा होता इतका नेमका आहे.

कुतूहल

मी अकरावीत आहे. दोन प्रश्न. (१) सूर्य या क्षणी नाहीसा झाला तर काय काय होईल, कोणत्या क्रमाने? (२) इतका संथ जळतो तर का? हायड्रोजन बॉम्ब क्षणात फुटतो, सूर्य का फुटत नाही?

आकाशवेडी

कुतूहल, पहिल्याचं मी सांगते, दुसरा मास्तरांचा.

पहिली ८ मिनिटं २० सेकंद काहीच कळणार नाही. प्रकाश तर येत राहीलच, पण पृथ्वी रिकाम्या जागेभोवती वळतही राहील, कारण गुरुत्वाकर्षणातला बदलही प्रकाशाच्याच वेगाने पोहोचतो. मग अंधार, आणि पृथ्वी सरळ रेषेत निघून जाईल. चंद्र तिच्याबरोबर असेल, पण दिसणार नाही. प्रकाशसंश्लेषण तत्क्षणी थांबेल. श्वास मात्र कोंडणार नाही: हवेतला ऑक्सिजन हजारो वर्षं पुरेल एवढा आहे. आधी संपेल ते अन्न. समुद्राच्या वरच्या, उजेडाच्या थरातले सूक्ष्म तरंगते जीव सगळ्यात आधी जातील, मोठी झाडं साठवलेल्या साखरेवर थोडी तग धरतील. पण थंडी त्यांना गाठेल. जमीन काही दिवसांतच गोठू लागेल. समुद्र वरून गोठेल, आणि बर्फाचं जाड झाकण झालं की खालचं पाणी भूगर्भातल्या उष्णतेवर फार फार काळ द्रव राहील. तिथे खोलदर्यांचे झरे आणि पानगळ यांचे खडकातले जीवाणू उरतील.

निवृत्त मास्तर

कुतूहल, दुसरा प्रश्न विचारलास ते बरं केलंस. यामागे भौतिकीतला एक मोठा झगडा आहे.

एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्विन यांनी हिशेब केला की सूर्य स्वतःच्या वजनाने आकसत असेल आणि त्यातून तापत असेल तर त्याचं वय काही कोटी वर्षंच असू शकतं. भूवैज्ञानिकांना आणि डार्विन यांना त्याहून कितीतरी जास्त वेळ हवा होता. खडक एक सांगत होते आणि सूर्याचं गणित दुसरं. खडक बरोबर होते. केल्विन यांच्या गणितात चूक नव्हती, इंधन कोणतं ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

१९२० मध्ये आर्थर एडिंग्टन यांनी सुचवलं की हायड्रोजनचं हेलियम होताना जे थोडं वस्तुमान कमी भरतं, तीच सूर्याची ऊर्जा असावी. त्याच वर्षी मेघनाद साहा यांचं आयनीभवनाचं समीकरण आलं (तापलेल्या वायूतले किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात ते सांगणारं). ते वापरून सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात दाखवलं की तारे बव्हंशी हायड्रोजनचे आहेत. तेव्हाचे मोठे खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना ते अशक्य वाटलं, आणि त्यांच्या सांगण्यावरून पेन यांना प्रबंधात "हे बहुधा खरं नसावं" अशा अर्थाचं वाक्य घालावं लागलं. चार वर्षांनी रसेल स्वतंत्र मार्गाने त्याच निष्कर्षाला आले आणि त्यांनी पेन यांचं श्रेय मान्य केलं. पंचवीस वर्षांच्या मुलीने सूर्य कशाचा बनलाय ते ओळखलं होतं, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे. पुढे हान्स बेथे यांनी १९३९ मध्ये अणुगर्भीय साखळ्या मांडल्या.

आता संथपणा. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान आहे, तरी दोन प्रोटॉनांमधलं विद्युत प्रतिकर्षण ओलांडायला ते पुरत नाही. क्वांटम नियमांमुळे क्वचित एखादी जोडी त्या अडथळ्याच्या आरपार निघते. आणि एवढ्यावर भागत नाही. दोन प्रोटॉन नुसते जवळ आले तर चिकटून राहत नाहीत. त्याच निमिषात एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, आणि ते काम दुर्बल आंतरक्रिया या अणुगर्भातल्या बलाचं, नावाप्रमाणेच दुबळं, म्हणून दुर्मीळ. परिणाम असा की गाभ्यातल्या एका प्रोटॉनला जोडीदार मिळून पुढे जायला सरासरी ९०० कोटी वर्षांच्या घरात वाट पाहावी लागते. बॉम्बमध्ये हा पहिला टप्पाच नसतो. तिथे ड्यूटेरियम आणि ट्रिटियम (हायड्रोजनचे जड प्रकार) ही आधीच पुढच्या टप्प्यावरची इंधनं वापरतात, म्हणून क्षणात उरकतं.

सूर्य भडकत का नाही, त्याचंही कारण आहे. गाभा जरा जास्त तापला की फुगतो, फुगला की थंडावतो, अभिक्रिया मंदावतात. स्वतःच स्वतःला आवरतो.

इतकं संथ असूनही सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं आणि चाळीस लाख टनांहून जास्त वस्तुमान ऊर्जेत बदलतं. त्यातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशापैकी पृथ्वीच्या वाट्याला येतो २२० कोटींतला एक भाग.

शंकेखोर

मास्तर, जबरदस्त. पण गाभ्यात हे खरंच चाललंय याचा पुरावा काय? आपण तर पृष्ठभागच बघतो. गाभ्यातला प्रकाश बाहेर यायला हजारो वर्षं लागतात म्हणतात.

निवृत्त मास्तर

न्यूट्रिनो, म्हणजे गाभ्यातल्या अभिक्रियांत तयार होणारे, जवळजवळ कशानेच न अडणारे कण. ते गाभ्यातून निघून दोनेक सेकंदांत सूर्याबाहेर पडतात आणि आठ मिनिटांत आपल्यापर्यंत. आत्ता तुझ्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून सेकंदाला हजारो कोटी न्यूट्रिनो आरपार जातायत. रेमंड डेव्हिस यांनी अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत ते मोजले, तर अपेक्षेच्या एक तृतीयांशच भरले. काही दशकं हे कोडं होतं. कॅनडातल्या सडबरी प्रयोगाने २००१-०२ मध्ये दाखवलं की न्यूट्रिनो वाटेत प्रकार बदलतात, म्हणून डेव्हिस यांच्या उपकरणाला सगळे दिसत नव्हते. सगळे प्रकार मिळून मोजले की सूर्याचं गणित चोख बसतं.

आकाशवेडी

वेळेच्या मुद्द्यात एक पेच आहे तो कुणी काढला नाही, म्हणून मीच मांडते. सूर्य स्थिर आहे, पण अगदी तसाच नाही. गाभ्यात हेलियम साचतं तसतसा तो हळूहळू उजळत जातो. तरुणपणी तो आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्के मंद होता. कार्ल सेगन आणि जॉर्ज मुलन यांनी १९७२ मध्ये विचारलं: मग तेव्हा पृथ्वी गोठलेली का नव्हती? पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधले झिरकॉन स्फटिक ४४० कोटी वर्षांपर्यंत जुने आहेत, आणि त्यातल्या प्राचीन स्फटिकांमधले ऑक्सिजनचे समस्थानिक द्रव पाण्याकडे बोट दाखवतात.

उत्तराचा मोठा भाग हवेत आहे, तेव्हाच्या जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये. हरितगृह वायू नसते तर आजही पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश असतं, प्रत्यक्षात ते १५ च्या आसपास आहे. आणि हा वायू स्वतःचं प्रमाण राखतो. पावसात विरघळून तो सिलिकेट खडक झिजवतो, नद्यांतून समुद्रात जातो, चुनखडी होऊन तळाशी बसतो, ज्वालामुखीतून पुन्हा वर येतो. ऊब वाढली की झीज वाढते आणि हवेतला कार्बन घटतो. थंडी वाढली की उलट. सूर्य उजळत गेला तसं पृथ्वीने हळूहळू पांघरूण उतरवलं. पण या चक्राला लाखो वर्षं लागतात. आपण शंभर-दोनशे वर्षांत जो कार्बन सोडलाय तो आवरायला हे चक्र आपल्या कामाला वेळेवर येणार नाही, आणि याची मला मनापासून काळजी वाटते.

पुढचंही सांगते. दर शंभर कोटी वर्षांत सूर्य साधारण दहा टक्क्यांनी उजळतो. पाचशे कोटी वर्षांनी तो लाल राक्षसी तारा होईल हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण समुद्र टिकणं त्याच्या खूप आधी, शंभरेक कोटी वर्षांत अवघड होणार आहे.

रात्रपाळी

मी रात्री काम करते, त्यामुळे सूर्याचं आणखी एक देणं मला रोज जाणवतं: घड्याळ. १७२९ मध्ये द मेराँ यांनी लाजाळूसारखं झाड अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. ते घड्याळ पेशींतच असतं, आपल्याही. त्याची जनुकं उलगडणाऱ्यांना २०१७ चं नोबेल मिळालं. पण ते अगदी चोवीस तासांचं नसतं, रोज उजेडाने जुळवावं लागतं. त्यासाठी डोळ्याच्या पडद्यात वेगळ्या पेशी आहेत, चित्र दाखवणाऱ्या पेशींहून निराळ्या. पाळी संपवून सकाळच्या लख्ख उन्हात बाहेर पडलं की झोप का उडते त्याचं कारण तिथे आहे.

शंकेखोर

मग दुसऱ्या ताऱ्यांभोवती काय? आपल्यासारखा सूर्य मिळणं दुर्मीळ आहे का?

खोलदर्या

दहा सूर्यांच्या वजनाचा तारा दोन-तीन कोटी वर्षांत संपतो, तिथे वेळच नाही. बहुसंख्य तारे उलट टोकाचे, लाल खुजे. ते लाखो कोटी वर्षंही जळू शकतील. पण ऊब हवी तर ग्रहाला फार जवळ राहावं लागतं, मग त्याची एकच बाजू ताऱ्याकडे राहण्याची शक्यता मोठी, आणि तरुणपणी हे तारे वरचेवर भडकतात. प्रॉक्सिमा बी हा ग्रह (२०१६) आणि ट्रॅपिस्ट-१ चे सात ग्रह (२०१७) अशाच ताऱ्यांभोवती सापडले. वेळ भरपूर, स्वभाव तापट. तिथे हवा टिकली आहे का, यावर सगळं आहे.

माझा जीव मात्र गुरूचा चंद्र युरोपा आणि शनीचा चंद्र एन्सेलाडस यांच्यावर. गुरूपाशी सूर्यप्रकाश आपल्या पंचविसाव्या भागाहूनही कमी, शनीपाशी त्याहून कमी. तरी बर्फाखाली समुद्र आहेत, ग्रहाच्या भरती-बळाने मळले जाऊन ऊबदार राहिलेले. एन्सेलाडसच्या फवाऱ्यांत कॅसिनी यानाला हायड्रोजन सापडला, तळाशी गरम झरे असावेत असं त्यावरून वाटतं. युरोपा क्लिपर हे यान २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचायचं आहे.

पानगळ

तिथे काही असलंच तर म्पोनेंगच्या जीवाणूसारखं, विरळ आणि सावकाश असेल असं माझं मत. पण असावं असं फार वाटतं.

कुतूहल

सगळ्यांचे आभार. मला स्वतः काहीतरी मोजायचं आहे. दुर्बीण नाही. काय करता येईल?

निवृत्त मास्तर

सूर्याचा व्यास मोज. छोट्या आरशावर कागद चिकटव, कागदाला मध्ये पाच मिलिमीटरचं भोक. आरसा उन्हात ठेवून परावर्तित प्रकाश सावलीतल्या किंवा अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाड, दहा मीटर अंतरावर. प्रकाश भिंतीवर काटकोनात पडेल असं बघ. भोक कोणत्याही आकाराचं असो, भिंतीवर गोलच उमटेल, कारण ती सूर्याची प्रतिमा आहे. झाडाखाली पडणारे गोल कवडसेही तेच. आरशात डोकावायचं नाही, सूर्याकडे थेट बघायचं नाही, आरशासमोरून कुणाला जाऊ द्यायचं नाही.

कडा थोडी पुसट असेल, पुसट पट्ट्याच्या मध्यावर खूण कर. प्रतिमा ९३ मिलिमीटरच्या जवळपास भरेल. अंतर भागिले प्रतिमा, म्हणजे साधारण १०७. सूर्याचं अंतर १४ कोटी ९६ लाख किलोमीटर, त्याला १०७ ने भाग: सुमारे १४ लाख किलोमीटर व्यास मिळतो.

मग हीच मोजणी जानेवारीच्या सुरुवातीला आणि जुलैच्या सुरुवातीला कर, आरसा आणि भिंत त्याच जागी ठेवून. जानेवारीत पृथ्वी सूर्याला सगळ्यात जवळ असते, जुलैत सगळ्यात लांब. प्रतिमेत तीन मिलिमीटरचा फरक यायला हवा, जानेवारीची मोठी. मोजमापं इथेच टाक, अंतर आणि तारखेसकट. आपण मिळून तपासू.